करीमचाचांचं ताट

"ती ट्यूब आधी काढा," मी म्हटलं.

"काहून सिस्टर? नवी हाये, पंक्चरवाली नाही," सलीम म्हणाला.

पांढरकवड्याच्या हायवेवर त्याचं गॅरेज, मागेच घर. त्याचे वडील करीमचाचा मांडीचं हाड मोडल्यापासून तीन महिने खाटेवर होते. माकडहाडावर बेडसोअर झाला होता. म्हणजे एकाच जागी दाब पडून रक्त थांबतं, कातडी मरते, मग खालचं मांस. चाचांच्या जखमेत लिंबू बसलं असतं. जखम टेकू नये म्हणून सलीमनं स्कूटरची ट्यूब फुगवून खाली ठेवली होती. तिची कड भोवताली रुतत होती आणि मधला रक्तपुरवठा आणखीच तुटत होता.

त्या सकाळी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं होतं. म्हणाले, "पंधरा दिवसांत फरक दिसला नाही तर नागपूर. या तब्येतीत तिथलं ऑपरेशन झेपेल असं वाटत नाही."

"रोज घरी जाऊन ड्रेसिंग मी करते."

"ते तुमच्या ड्यूटीत नाही."

"ड्यूटी संपल्यावर जाते. सामान दवाखान्याचं, आणि काम माझ्या नावावर लिहायचं."

सामान मिळालं. नावाचं "बघू" झालं. मी आया म्हणून लागून नर्स झालेली बाई. "बघू"चा अर्थ मला कळतो.

सलीमला सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलायची.

"दिवसभर? एवढं कोन करते?"

"लोड घेऊन ट्रक महिनाभर उभा राहिला तर टायरचं काय होतं?"

"खालून चपटा होते."

कापसाला भाव नव्हता. जिनिंगच्या, कापूस भरलेल्या गाड्या कित्येक दिवस त्याच्याच दारात उभ्या होत्या. त्यानं एकदा गाड्यांकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि उशा आणायला आत गेला.

जखमेवर स्वच्छ प्लॅस्टिक धरून मी मार्करनं तिची कड काढून ठेवत असे. आठव्या दिवशी पहिल्या तुकड्यावर दुसरा ठेवला. रेषेवर रेष. काडीचा फरक नाही. माझं डोकं तापलं.

"खातात का नीट? अंडं, डाळ?" नवं मांस प्रोटीनमधूनच तयार होतं, हे मी सुनेला, शबानाला, चारदा सांगितलं होतं.

"हो सिस्टर. ताट रिकामं येते."

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या वेळेलाच गेले. दारातूनच दिसलं. चाचांचा हात हळूच खाटेखाली गेला. खाली मांजर. चांगली गुबगुबीत.

"चाचा, मी कोनाची जखम भरून राह्यली? तुमची का मांजरीची?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग पुटपुटले, "खाल्लं तर खाटेवरच निघते, बेटी. निघालं का बहू साफ करते. त्यापरिस उपाशी बरा."

"सलीमनं साफ केलं तर खाल?"

त्यांची मान हलली. गॅरेजमधून जेवायला आलेला सलीम चुळबुळला. "मले नाही जमत हे, सिस्टर."

"ऑइलमध्ये लोळत ट्रकखाली झोपतोस ते जमतं? बापाचं नाही जमत?"

शबाना हसू दाबत आत गेली. सलीमनं बाह्या वर केल्या.

मग चाचांशी सौदा. मी तीन अंडी म्हटली, ते अर्ध्यावर. दोनवर ठरलं, वर वाटीभर डाळ, दूध. चहा बंद करायला ते काही केल्या तयार झाले नाहीत. तेवढं मी सोडलं.

उरलेले सहा दिवस मी रोज जेवणालाच जाऊन बसले. पंधराव्या दिवशी जखमेच्या तळाला लाल दाणे, म्हणजे नवं मांस, दिसले, आणि मार्करची रेष जुन्या रेषेच्या आत आली. थोडीच, पण चारही बाजूंनी. डॉक्टरांनी नागपूरला पाठवायची लिहून ठेवलेली चिठ्ठी फाडली. जखम पूर्ण भरायला पुढे चार महिने लागले.

यवतमाळच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांनी माझेच प्लॅस्टिकचे तुकडे दाखवले आणि टाळ्या घेतल्या. माझं नाव कुठेच नव्हतं. तो राग अजून आहे.

नव्या नर्सना मी एवढंच सांगते: ताट रिकामं आलं म्हणून पेशंट जेवला असं लिहू नका. शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसा.