परीक्षकाचा शिधा

युनिव्हर्सिटीला मी जितका भ्यालो तितका वाघालाही भ्यालो नाही, आणि आमच्या मावळात तेव्हा वाघ होते. वाघ निदान दिसायचा तरी. कॉलेजात प्रोफेसर दिसत, प्रिन्सिपॉल दिसत. युनिव्हर्सिटी मात्र आम्हां पोरांपैकी कोणी पाहिली नव्हती. सिनेट म्हणून काही होतं, सिंडिकेट म्हणून काही होतं, रजिस्ट्रार नावाचा एक गृहस्थ होता. हे सगळे मिळून पेपर काढत, तपासत, आणि एका सकाळी आमची नावं छापत, नाहीतर छापत नसत. कोणाला विचारायची सोय नव्हती.

आमचं गाव लोणावळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरची भातशेती. गावातून बी.ए.ला बसलेला मी पहिलाच. माझ्या पुण्यातल्या शिक्षणासाठी धाकट्या भावाला चौथीतून काढून नांगराला जुंपलं होतं. तो कधी बोलला नाही, पण सुट्टीत घरी आलो की त्याच्या हाताकडे बघायची मला लाज वाटायची. मी नापास झालो असतो तर घरच्यांनी सोसलं असतं. पण त्या वर्षी मुलांमध्ये धास्ती वेगळ्याच गोष्टीची होती. आदल्या साली काही परीक्षकांनी ओळखीपाळखीत मार्क वाटल्याचा बोभाटा झाला होता आणि सिनेटमध्ये त्यावरून मोठी खडाजंगी झाली होती. तेव्हापासून नियम कडक झाला. परीक्षार्थीकडचं कोणी परीक्षकाला भेटलं, तर परीक्षकाने लगेच वर कळवायचं. न कळवलं तर परीक्षकांच्या यादीतून त्याचंच नाव कटणार. मुलाचा निकाल रोखायचा, आणि दोष ठरला तर त्याला परीक्षेला कायमचं बंद. नियम चांगलाच होता. आज मी स्वतः त्याच्या बाजूने मत देईन. तेव्हा मात्र तो माझ्या मानेवर पडला.

झालं ते असं. आमच्याकडे कोणी साहेब मुक्कामाला आला की गावाने शिधा द्यायचा, ही जुनी रीत. मामलेदार फिरतीवर येवो, नाहीतर जंगलखात्याचा कोणी. घरटी पाळी लावलेली असे. ज्याची पाळी त्याने तांदूळ, डाळ, तूप, कोंबडी घेऊन साहेबाच्या मुक्कामी जायचं, हात जोडायचे आणि परत यायचं. साहेब कोणता, कशाला आला, हे विचारायची पद्धत नव्हती.

त्या मे महिन्यात गावाच्या शिवेवरचा एक बंगला पुण्याच्या एका प्रोफेसरांनी भाड्याने घेतला. थंड हवेत पेपर तपासावेत हा त्यांचा बेत. बरोबर कॉलेजचा पट्टेवाला. हा पट्टेवाला पूर्वी मामलेदार कचेरीत होता. त्याच्या हिशेबी साहेब म्हणजे मुक्काम आणि मुक्काम म्हणजे शिधा. आल्या दिवशीच तो चावडीवर येऊन म्हणाला, "सायबांचा मुक्काम हाय. शिदा लागंल." छातीवर पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला. गावाने पाळी लावली. प्रोफेसर त्याला बाजारहाटाला पैसे देत, ते कुठे जात हे गावाला न सांगता समजलं होतं आणि त्यात कोणाला नवल वाटलं नव्हतं.

मी तेव्हा वडिवळ्याला मावशीकडे गेलो होतो. परत आलो तर आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर खुशीत बसलेले. डोक्याला धुतलेला फेटा.

"आज आपली पाळी व्हती," ते म्हणाले. "पट्टेवाला बाजारला गेलता, तवा शिदा थेट सायबाकडंच नेला. सायेब लय भला मानूस. कागदांचं ह्ये एवढं गठ्ठं घिऊन बसलाय. पोरांचं पेपर हायेत म्हनला. म्या म्हनलं, आमचा पोरगा बी औंदा बी.ए.ला बसलाय, लक्ष आसू द्या."

लक्ष असू द्या! आबा हे सगळ्यांना म्हणत. डॉक्टरला, तलाठ्याला, टांगेवाल्याला, देवाला. निरोप घेताना दुसरं काही बोलायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! शिदा न्हाई घेतला. पर तुजं नाव इचारलं. लिवून बी घेतलं," आबा कौतुकाने म्हणाले.

त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की मी गोठ्यात जाऊन बसे. अखेर तो युनिव्हर्सिटीचं पत्र घेऊन माझ्याकडेच आला. निकाल रोखून ठेवला आहे, चौकशी समितीपुढे वडिलांसह हजर व्हावे. समितीचे तिघेही सभासद उन्हाळ्यासाठी लोणावळ्यातच उतरले होते, म्हणून चौकशी तिथेच, एकाच्या बंगल्यावर. जिला कोणी पाहिलं नव्हतं ती युनिव्हर्सिटी आमच्या दाराशी येऊन बसली होती.

मला जेवण जाईना. खरं सांगावं तर काय सांगायचं? की शिधा आम्ही आपणहून नेला नाही, मागितला गेला? म्हणजे परीक्षक आल्या दिवसापासून गावाचं खात होते असं म्हणायचं. ज्याच्या हातात माझा पेपर, त्याच्यावरच आरोप! माझं कोण ऐकणार? त्यापेक्षा पाय धरावेत असं ठरवून मी आबांना पढवलं, "काईबी इचारलं तर म्हना, चुकी झाली, माफी आसावी."

"चुकी कसली? पाळी आपलीच व्हती का न्हाई?"

"आबा, तुमच्या पाया पडतो."

माझ्या तोंडाकडे बघून ते कबूल झाले.

चौकशीच्या दिवशी बंगल्याच्या व्हरांड्यात तोच पट्टेवाला उभा होता. त्याने आम्हांला आत सोडलं. टेबलामागे तिघे. मधले अध्यक्ष वयस्कर, चष्म्यावरून बघणारे. बाजूच्या खुर्चीत प्रोफेसर. त्यांचा चेहरा ओढलेला होता. त्यांनाही हे सगळं नकोसं झालेलं दिसत होतं.

अध्यक्षांनी आबांना विचारलं, "तुम्ही यांच्याकडे धान्य आणि कोंबडी घेऊन गेला होतात?"

"व्हय. चुकी झाली सायेब. माफी आसावी."

अध्यक्षांनी लेखणी उचलली. "म्हणजे मुलासाठी हे दिलंत, ही कबुली समजायची?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पढवलेलं संपलं होतं. कानात नुसता घूं आवाज होत होता आणि त्या आवाजात मला ती लेखणी कागदाकडे जाताना दिसली. मला धीर आला म्हणून मी बोललो असं कोणी समजू नये. पाण्यात पडलेला माणूस हात मारतो, तसं ते तोंडातून निघालं.

"मुलासाठी नाही. शिधा मागितला होता."

"कोणी?"

"यांच्या पट्टेवाल्याने. गावात पाळी लावली आहे. रोज एक घर."

प्रोफेसर खुर्चीतून उठले. "रोज? केव्हापासून?"

"आपण आलात तेव्हापासून."

ते पुन्हा खाली बसले. दूध, तूप, तांदूळ कुठून येतात हे त्यांनी कधी विचारलंच नसावं.

अध्यक्ष मला म्हणाले, "काय बोलतो आहेस ते समजतंय? एका परीक्षकावर ठपका ठेवतो आहेस. हे खोटं ठरलं तर पुन्हा कुठल्याच परीक्षेला बसता येणार नाही." आणि त्यांनी घंटी वाजवून पट्टेवाल्याला आत बोलावलं.

एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि पुढेही वाटली नाही. साक्षीला गाव आणायला वेळ कोण देणार होतं? त्या माणसाने नुसतं नाही म्हणायचं होतं. पगार जाणार त्याचा, उपाशी राहणार त्याचं घर. हो म्हणायला त्याला वेड लागलं होतं काय? मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. भावाचे हात माझ्या डोळ्यांसमोर आले. हा माणूस नोकरीतून जावो, आत्ताच्या आत्ता जावो, असं मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो.

"शिधा तू मागितलास?" अध्यक्षांनी विचारलं.

त्याने साहेबाकडे पाहिलं, मग आबांकडे. पट्ट्यावर हात फिरवला.

"व्हय सायेब. म्याच मागितला. सायबाला ठावं न्हाई. ह्या मानसानं काय बी केलं न्हाई."

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "बरं. मग मुलाचा निकाल मोकळा करू. बाकीचं लिहायची गरज नाही, युनिव्हर्सिटीची नाचक्की होईल."

"गरज आहे," प्रोफेसर म्हणाले. "मुलाला जाब विचारलात, आता मला विचारा. मी खाल्लं. ते लिहा, आणि यादीतून माझं नाव काढा."

अध्यक्षांनी दाराकडे हात करून आम्हांला जायला सांगितलं. प्रोफेसर पुन्हा कधी परीक्षक झाले नाहीत, हे मला फार पुढे कळलं. त्यांनी माझा पेपर तपासला होता की नाही, हे मात्र कधीच कळलं नाही.

आम्ही व्हरांड्यात चपला घालत होतो तेव्हा पट्टेवाला बाहेर आला. कोणी त्याला काही सांगितलं असेल, किंवा सांगायची वेळच आली नसेल. त्याने खांद्यावरून पट्टा काढला, घडी घातली आणि बाकावर ठेवला. मी मान वर करू शकलो नाही. आबा मात्र त्याच्याजवळ गेले.

"भाऊ, दुपार झाली. आमच्याकडं चला. चार घास खाऊन जावा."

त्याने मान हलवली. "नको आबा. तुमच्या गावचं लय खाल्लं."

आणि तो स्टेशनच्या रस्त्याला लागला.