केतकीचं ‘नाही’

केतकी काल दुसऱ्यांदा गेली.
या वेळी आम्ही मारली तिला.

पहिल्यांदा गेली ती मागच्या वर्षी, कालच्याच दिवशी, तापाने. मी अलोऱ्याहून आंजर्ल्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची ओळख मोबाईलवरची. आम्ही सहा जण एका अ‍ॅपवर गोष्टीचा खेळ खेळायचो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून लिहायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. रविवारी दुपारी, जेवणं झाली की.

केतकीचं पात्र म्हणजे चंद्रा तांडेल. स्वतःची बोट हाकणारी कप्तान, तोंडात शिव्या, कुणाच्या बापाला न घाबरणारी.

खरी केतकी रिक्षावाल्याला “इथे थांबवा” म्हणायलाही लाजायची. दापोलीत एकदा त्यापायी आम्ही बरंच पुढे उतरलो आणि हसत हसत मागे चालत आलो.

पण खेळाआधी ती सगळ्यांना गाऱ्हाणं घालायला लावायची. गावात देवासमोर घालतात ना, तसंच.
गोष्टीत आपल्याला काय नको ते प्रत्येकाने लिहायचं. बाकीच्यांनी खाली लिहायचं, “होय महाराजा.”

सुरुवातीला आम्ही फार हसलो. मग सवय झाली. मग त्याशिवाय खेळायची भीती वाटायला लागली.

मी लिहायचे, माझ्या पात्राला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.
केतकीचं एकच असायचं. “चंद्राला वादळात घाला, गोळी घाला. पाण्यात बुडवायची नाय.”
होय महाराजा.

ग्रुप चालवतो तो निखिलदादा. तो एकदा म्हणाला, “तांडेल असून पाण्याला घाबरते? कारण तरी सांग.”
“कारण द्यावं लागलं की ते ‘नाही’ राहत नाही दादा. रजेचा अर्ज होतो.”

नंतर तिने मला एकटीला कारण सांगितलं.
“तुझ्याकडेच ठेव हां.”

गेल्या आठवड्यात दादाने वर्षश्राद्धासाठी स्पेशल सेशन ठरवलं. चंद्रा सगळ्यांना वाचवते आणि बोटीबरोबर बुडते.

मी फोन केला. “दादा, तिने नको म्हटलं होतं.”
“अगं, ते ती असताना. आता कुणाला लागणार आहे? आणि आपण हिरॉईन करतोय तिला.”
“आमच्या आजोबांच्या श्राद्धाच्या पानात अजून कुणी कारलं वाढत नाही. का आवडत नव्हतं, तेही कुणी विचारत नाही.”
“कारलं आणि स्टोरी एक नाही गो.”

मग तो अगदी मायेने म्हणाला, “तुला कारण माहीत असेल तर सांग. पटलं तर आत्ता बदलतो.”

एक वाक्य सांगितलं असतं तर चंद्रा वाचली असती.
आणि केतकीने विश्वासाने दिलेली एकच गोष्ट मी ग्रुपमध्ये वाटून टाकली असती.

मी म्हटलं, “कारण नाही सांगता येणार.”
“मग व्होटिंग घेऊ.”
चार विरुद्ध एक.

काल सेशन झालं. सुरुवातीला गाऱ्हाणंसुद्धा घातलं, तिची आठवण म्हणून. “केतकीच्या आत्म्याला शांती लाभो.” तीन वेळा “होय महाराजा” आलं. माझं आलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सीन सुंदर लिहिला होता. तेच जास्त लागलं. पाणी तिच्या गळ्यापर्यंत आलं तेव्हा मी मोबाईल उलटा ठेवला. सगळे खरंच रडत होते, नंतरच्या व्हॉइस मेसेजमध्ये ऐकू येत होतं. यात वाईट कुणीच नाही, म्हणून ओरडू तरी कुणावर?

आई भाजी चिरत होती. सगळं ऐकून म्हणाली, “घरात पयली ग्रॅज्युएट तू. एवढा सांगता नाय आला त्यांना?”
नाही आलं, आई.

जिवंत माणसाची परवानगी कशी घ्यायची, यावर मी तासभर बोलू शकते. गेलेल्या माणसाचं ‘नाही’ कुणी सांभाळायचं, ते मला कुणी शिकवलं नाही.

आज कमेंटमध्ये विचारू नका, कारण काय होतं.

केतकी, चंद्राला नाही वाचवता आलं.
तुझं कारण अजून माझ्याकडेच आहे. तेवढीच माझी श्रद्धांजली.

होय महाराजा.