सुलेखाचं कासव

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या सीनियर सेंटरमधल्या दगडकामाच्या वर्गात मनोहर सबनीसांसारखा हात कुणाचा नव्हता. चार वर्षं तिथले चिनी शिक्षक लिनसर त्यांचंच काम उचलून सगळ्यांना दाखवायचे. मग सुलेखा आली. फार्मसीतून नुकतीच रिटायर झालेली, मूळची वाईची. तिला कानस धरायची कशी तेही येत नव्हतं. पण सहा महिन्यांत सर तिच्याच टेबलाशी रेंगाळू लागले. लांबचं धूसर दिसू लागल्याने मनोहररावांचं ड्रायव्हिंग बंद झालं होतं, म्हणून दर शनिवारी जायचं तेही तिच्याच गाडीतून. वर तिचे आभार मानायचे.

लिनसरांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. प्रत्येकाने घरी, सरांना न कळवता, दीर्घायुष्याचं एकेक चिन्ह कोरायचं ठरलं. चिनी दगडकामात अशी चिन्हं पुष्कळ: पीच, पाइन, हरीण. मनोहररावांनी क्रौंच पक्षी घेतला.

"मी कासव करते," सुलेखा म्हणाली. "आपल्याकडे शंकराच्या देवळात असतं ना, तसं."

मनोहरराव चपापले. कासव दीर्घायुष्याचं खरं, पण चिनी बोलण्यात ती शिवीही आहे, हे त्यांनी लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं होतं. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. होऊ दे एकदा फजिती.

दोन महिने ती गाडीत बसण्याआधी फोनवर कासवाचे फोटो दाखवायची. पाठीवरच्या रेघा सुरेख उतरत होत्या. तेच जास्त झोंबायचं.

वाढदिवसाला सरांनी क्रौंच हातात घेतला, "ब्यूटिफुल" म्हणाले आणि आधीच आलेल्या तीन क्रौंचांशेजारी ठेवला. मग कासव उघडलं. सरांच्या नातेवाइकांत खसखस पिकली. सुलेखाचा चेहरा उतरला. मनोहरराव याच क्षणाची वाट बघत होते, पण तो काही गोड लागला नाही.

सरांनी कासव फिरवून पाहिलं. "आमचे जुने शिलालेख दगडी कासवाच्या पाठीवर उभे असतात," ते म्हणाले. "हे माझ्या टेबलावर राहील."

परतताना सुलेखाने विचारलं, "ते का हसले, काका?"

"त्यांच्यात ती शिवी आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आधीपासून ठाऊक होतं. जळत होतो तुझ्यावर."

पुढचे दोन शनिवार मनोहररावांना सुनेने सोडलं. तिसऱ्या शनिवारी सुलेखाची गाडी दाराशी आली. "बसा," एवढंच म्हणाली.

वर्गात तिने नवा दगड काढला. त्यातली बारीक चीर मनोहररावांना आधी दिसली. क्षणभर जीभ अडली.

"तिथे छिन्नी लावू नकोस," ते म्हणाले. "फुटेल."