कानातलं तेल

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. पण त्या तापलेल्या डोक्यानं मी एकदा आईला जे बोलले, ते आता मलाच सोसत नाही. म्हणून एकदा सांगूनच टाकते.

आमचं गाव देवगाव रंगारी. घरी कापूस, मका आणि दोन म्हशी. आप्पा, म्हणजे माझे वडील, औरंगाबादला छावणीच्या गुरुवारच्या बाजारात म्हैस बघायला निघाले, तेव्हा मीही हट्टानं सोबत गेले. नववीत असेन. तिथं रस्त्याच्या कडेला एक बाई जीपमधून उतरली. पांढरा ड्रेस, खांद्यावर तारे. समोरून येणारा मिशीवाला जवान ताडकन थांबला आणि त्यानं तिला कडक सॅल्यूट ठोकला. अगं बाई! आमच्याकडं गडी माणूस बाईला पाहून फार तर जरा बाजूला सरकायचा. "ही कोण, आप्पा?" "मिलिटरीतली नर्स असंल." झालं, माझं तिथंच ठरलं.

बारावीनंतर फॉर्म भरला. लेखी पास झाले, मुलाखतही निभावली. राहिलं फक्त मेडिकल. आप्पांनी आधीच बजावलं होतं, "एकदा बघ. झालं तर झालं, नाय तर चितेगावचं स्थळ पक्कं." मुलगा तिकडंच कंपनीत होता. त्याच्यात काही खोट नव्हती, पण मला एवढ्यात कुणाच्या घरी भाकरी थापायला जायचं नव्हतं. आईचं मात्र काही कळायचं नाही. "लई लांब धाडतेत फौजेत, कोण बघणार तुला?" म्हणून पदरानं डोळे पुसायची, आणि माझे कागद भिजू नयेत म्हणून प्लास्टिकची पिशवीही तीच शोधून आणायची.

मेडिकलच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्यांचा पोरगा भरतीला जाऊन नुकताच परत आला होता. "त्याला कानातल्या मळापायी घरी धाडलं," काकू म्हणाल्या. "हिचं कान बघितलं का?" बस्स, आई लगेच उठली. आमच्याकडं कानाचं काहीही असो, लसणाची पाकळी तेलात तळायची आणि ते तेल कानात सोडायचं. तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना हेच औषध. आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पळीतलं तेल बोटावर टेकवून बघितलं. पण शेतात राबून तिची बोटं इतकी निबर झालेली, की चुलीतला निखारा ती हातानं सारायची. त्या बोटांना काय कळणार तेल किती गरम आहे ते! डाव्या कानात थेंब पडले आणि मी किंचाळले. "जरा कळ काढ, मळ सुटायलाय," ती म्हणाली. वरून केसातला आकडा काढून कान कोरलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी छावणीतल्या मिलिटरीच्या दवाखान्यात उंची, वजन, डोळे, छाती, सगळं ठीक निघालं. कान बघणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र थांबल्या. पडद्याला भोक पडलं होतं आणि भोवती भाजल्याचा लालपणा होता. कागदावर त्यांनी "अनफिट" लिहिलं. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी मागता येणार होती. तोवर पडदा भरला तर घेणार, नाही तर विषय संपला.

आई बाहेर लिंबाखाली बसली होती. मी तिच्यावर अशी तुटून पडले, की गेटवरचा शिपाईसुद्धा बघायला लागला. "तुला मी जायलाच नको होतं. मुद्दाम केलंस तू! मुद्दाम!" बसमध्ये तिनं फुटाण्याची पुडी पुढं केली, मी तिचा हात झटकला.

सहा आठवडे मी तिच्याशी धड बोलले नाही. माझं न्हाणं असलं की ती कापसाचा बोळा घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी राहायची, कानात पाणी जाऊ नये म्हणून. शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर हातावर ठेवायची. तिला घड्याळ कळत नव्हतं, काकूंना विचारून यायची. मी गोळी घ्यायची आणि तोंड फिरवायची. इतकी निर्दय होते का मी? होते.

दुसऱ्या तपासणीला आई हट्टानं खोलीच्या दारापर्यंत आली. या वेळी डॉक्टरीणबाई दुसऱ्या होत्या. त्यांनी कानात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कान पहले से बहता था क्या?" मी नाही म्हणायच्या आत आई थेट टेबलापाशी आली. "नहीं बाईसाब, लडकी को कोई बीमारी नहीं. तेल मैं डाली. जानबूझके डाली. मेरे को उसको जाने नहीं देना था."

माझेच शब्द ती तिथं उभी राहून सांगत होती. तिला वाटलं, गुन्हा आईच्या माथी आला की पोरगी सुटेल. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि बाहेर पाठवलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "किसी ने भी किया हो बेटा, पर्दा भरा नहीं है."

बाहेर आले तशी आईनं विचारलं, "घेतलं ना गं? मी सांगितलं ना त्यास्नी, माझी चूक म्हणून." तिच्या तोंडावर एवढी आशा, की मला खरं सांगवेना. "पत्रानं कळवतील," मी म्हणाले. पुन्हा "अनफिट" लिहून मिळालेला कागद घरी आल्यावर ट्रंकेच्या तळाशी घातला.

पुढं चार महिने आई पोस्टमनच्या वेळेला दारात. चितेगावची माणसं दोनदा येऊन गेली. आप्पांपुढं कधी मान वर न करणारी माझी आई दोन्ही वेळेला मधे उभी राहिली. "पोरीचं फौजेचं पत्र यायचंय. तवर नाय." तेवढ्या अवधीत मी शहरातल्या सरकारी नर्सिंगला अर्ज केला आणि माझा नंबर लागला. इतकी वर्षं वॉर्डात काढली ती त्या न आलेल्या पत्राच्या जोरावर. खांद्यावर तारे नाहीत, याची हळहळ अजून जात नाही.

होस्टेलला निघायच्या आधी आईनं ट्रंक पुसायला म्हणून रिकामी केली. तो कागद आप्पांच्या हाती लागला. इंग्रजी त्यांना तुटकं वाचता यायचं, पण शिक्का, तारीख आणि "अनफिट" एवढं कळलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि कागद ठेवून अंगणात निघून गेले.

"तुला त्याच दिवशी ठाऊक होतं?" आईनं विचारलं.

"व्हय."

"मग मला रोज दारात कशापायी उभी केलीस?"

"तुला वाईट वाटलं असतं, आई."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. "आन् मुद्दाम केलंस म्हणलीस, तवा नाय वाटलं व्हय मला वाईट?"

एवढंच बोलली, आणि पुन्हा ट्रंक पुसायला लागली.