गणीभाईच्या दुकानात आम्ही कधीच हरलो नाही

गणीभाई गेल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं, याचा राग अजून गेलेला नाही. शाळेपासूनची दोस्ती माझी, आणि खबर मिळाली सगळ्यांत शेवटी! त्याच्या घरापाशी पोचलो, तर एवढी गर्दी, की माझी चप्पल कोणाच्या तरी पायात निघून गेली. मी मेल्यावर एवढे लोक येतील का, हा विचार तिथेच मनात आला. काय करणार... त्याच्याबद्दल माझं पहिल्यापासून हे असंच.

आरमोरीजवळच्या आमच्या गावात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दरसाल मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, कबड्डीत आमचा संघ फायनलला जातो आणि एक-दोन गुणांनी हरतो. त्या दिवशी गावात कोणाला धड जेवण जात नाही. पोरं तोंड लपवतात, म्हातारे पंचाला शिव्या घालतात आणि मग सगळे गणीभाईकडे. तो स्टुलावरून उतरायचा, फरशीवर खडूनं मैदान आखायचा. सात नट म्हणजे समोरचा संघ, आणि ट्यूबच्या व्हॉल्व्हचं पितळी टोपण म्हणजे आपला चढाईवाला. ज्या चढाईत हरलो, तीच पुन्हा खेळवायचा, दम कोंडून ‘कबड्डी कबड्डी’ करत. शेवट तेवढा बदलायचा. टोपण मधल्या रेषेपार आलं, की लोक टाळ्या पिटत आणि खरंच जिंकल्यासारखे घरी जात. माझी बायकोसुद्धा मला म्हणायची, “इथी काऊन कुढत बसले? जा गणीभाऊकडे, तिथी आपण जिंकून राह्यलो.”

एका साली चिडून मीही ओसरीत मैदान मांडलं. नट कुठून आणू, म्हणून भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा. पंचाची चूक, पोरांची चूक, सगळं समजावून सांगत होतो. मान वर केली, तर ऐकणाऱ्यांनी समोरचा अख्खा संघ सोलून खाल्लेला! “नामदेवभाऊ, मॅच काई जमली नाई, पण शेंगा मस्त होत्या.” हा किस्सा गणीभाईनं दुकानात इतका रंगवून सांगितला, की माझ्या फजितीवरही टाळ्या त्यालाच.

यंदा फायनल एका गुणानं गेली, तेव्हा तो गडचिरोलीला दवाखान्यात होता. मी पहिली एसटी धरली. हरल्याचं दुःख होतंच, पण त्यानं न पाहिलेली मॅच मी पाहिली होती! रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो. वॉर्डात शिरतो तर काय... त्याच्या कॉटभोवती शेजारचे पेशंट, नर्सबाई, एक झाडूवाला. पांघरुणावर गोळ्यांची पाकिटं मांडलेली, मधोमध ते पितळी टोपण. फोनवरून कोणीतरी आधीच सगळं सांगून मोकळं झालेलं.

“ये नाम्या! तुह्यासाठीच चढाई रोखून ठेवली. आता तूच ने याले घरी.”

एवढ्या लोकांपुढे पहिल्यांदाच मला खेळायला मिळत होतं. मी टोपण असं जोरात ढकललं, की ते उडालं, कॉटखाली घरंगळलं आणि मोरीच्या जाळीतून गेलं. गणीभाई खोकला येईस्तोवर हसला.

“अबे, जिंकलेली मॅच हरवली ना तुनं! जाऊ दे... उद्या दुसरं टोपण घेऊन ये. पुन्हा खेळू.”

दुसऱ्या दिवशी टोपण खिशात टाकून निघालो, तर दारात दूधवाला.

मागच्या आठवड्यात त्याच्या मुलानं, सलीमनं, दुकान उघडलं. यंदाची हार अजून तशीच पडून होती, म्हणून लोक सवयीनं आले. सलीमनं नट मांडले. “काका, चढाईले कोण?” सगळे माझ्याकडे पाहू लागले. खिशातलं टोपण काढलं, दम कोंडला आणि यावेळी हळूहळू, जपून, सगळ्यांना चुकवत रेषेपार आणलं. जिंकलो! एकही टाळी नाही. सगळे त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत होते. माझं डोकंच फिरलं. मेला, तरी गर्दी त्याचीच! कोणाला तरी झापणार होतो... पण मग लक्षात आलं, टोपण रेषेपार आल्याबरोबर मीही तिकडेच पाहिलं होतं.