वाक्य नंतर टाकते

नलूताई गेल्याची बातमी प्रज्ञाने मला फोनवर सांगितली, तेव्हा मी तिला चक्क झापलं. रविवारची सकाळ होती. दहाच्या सुमारास नलूताईने नेहमीसारखं आपल्या पानावर एक वाक्य टाकलं होतं, आणि ते माझ्याच एका जुन्या लेखातलं होतं. खाली माझं नाव, लेखाची लिंक. मी खुशीत येऊन लगेच लिहिलंसुद्धा, ‘डॉक्टरांनी फोन हातात दिला वाटतं! आता मुकाट्याने घरी ये.’ आणि त्यावर पाच-दहा मिनिटांत प्रज्ञाचा हा फोन. मी म्हटलं, “अगं, असलं काही पुढे सांगायच्या आधी खात्री करत जा ना जरा. ती आत्ता ऑनलाइन आहे. माझं वाक्य टाकलंय तिने!” प्रज्ञा हळूच म्हणाली, “सुधीर, ती पहाटे गेली रे. मंदारशी बोलूनच तुला फोन केलाय.”

मंदार म्हणजे नलूताईचा मुलगा. दुपारी दिंडोशीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्याने उलगडा केला. हॉस्पिटलमध्ये भरती व्हायच्या आदल्या दिवशी बॅग भरायची सोडून आई कॉम्प्युटरसमोर बसली होती. बाहेरगावी जाताना घरच्यांसाठी फ्रीज भरून ठेवतात, तसे तिने पुढचे रविवार भरून ठेवले होते. मजकूर आज लिहायचा आणि तो पुढच्या ठरलेल्या दिवशी आपोआप प्रसिद्ध होईल असं करून ठेवायचं, ही सोय आम्ही सगळेच ब्लॉगवाले वर्षानुवर्षं वापरतो. तरीही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या वाक्याखाली ‘लवकर बऱ्या व्हा ताई’ येतच होतं. इतरांनी केली असती तर मी हसलो असतो अशी ही चूक, पण सगळ्यात वर माझंच नाव होतं.

तुम्ही नलिनी साळवी हे नाव ऐकलं नसेल. तिचं पुस्तक नाही, तिला पुरस्कार नाही. पवईच्या एका कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती आणि तिथूनच निवृत्त झाली. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणकडचं, त्यामुळे रागावली की तिची भाषा आपोआप गावाला जायची. ब्लॉग तिचाही होता. फोनवर ऐकलेल्या आवाजांबद्दल ती लिहायची, कमी लिहायची आणि फार सुरेख लिहायची. पण आम्ही तिला ओळखतो ते तिच्या रविवारामुळे. दर रविवारी ती दुसऱ्या कुणाच्या तरी ब्लॉगवरचं एक लिखाण निवडायची, त्यातलं एकच वाक्य उचलायची आणि आपल्या पानावर मांडायची. सोबत ‘अप्रतिम’ नाही, ‘नक्की वाचा’ नाही. नुसतं वाक्य, लिहिणाऱ्याचं नाव आणि लिंक. स्वतःचं कधी नाही, आणि एकाच माणसाचं लागोपाठ नाही. कुणी विचारलं की म्हणायची, “मी नुसती लाईन जोडून देते रे. बोलायचं तुम्ही.”

आमची ओळख भांडणाने झाली. मी अंधेरीला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. पुनर्विकासात पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींवर मी तेव्हा नुकताच ब्लॉग सुरू केला होता. वाचक दोन, एक मी आणि दुसरी माझी बायको. त्यातलीही एक वाचल्याचं नुसतं सांगायची. अशात एका रविवारी अचानक माणसं यायला लागली. शोधत शोधत गेलो तर नलिनी साळवी नावाच्या बाईंनी माझ्या घाटकोपरच्या लेखातलं वाक्य टाकलेलं. कुठलं? तर ‘दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर कुणाचे तरी पापड अजून वाळत होते.’ माझा अस्सा संताप झाला! शहराच्या विस्मरणावर मी दोन परिच्छेद घाम गाळून लिहिले होते आणि बाईंना पापड सापडले. मी त्यांना तसं कळवलं, शक्य तितक्या सभ्य शब्दांत. उत्तर आलं, ‘ते तुम्ही लिहिलंय. हे तुम्हाला दिसलंय.’ आठवडाभर मी धुमसत होतो. मग ते दोन परिच्छेद पुन्हा वाचले आणि गुपचूप काढून टाकले. पुढे आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो, पण हे काही मी तिला सांगितलं नाही. तिला दिसलं असणारच, कारण ती लिहिलेलं परत परत वाचायची.

ते दिवस काही औरच होते... रात्री ब्लॉग टाकायचा आणि सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या, अजून चहासुद्धा आलेला नसताना, कुणी काय लिहिलंय ते बघायचं. मुलुंडचा माणूस बोरिवलीच्या माणसाच्या लेखाखाली भांडायचा आणि सातासमुद्रापार बसलेलं कुणीतरी मध्ये पडायचं. प्रत्येकाच्या ब्लॉगच्या कडेला इतरांच्या ब्लॉगची नावं लावलेली असायची. नलूताईकडे आपलं नाव लागलं की माणूस दिवसभर तरंगत असे. नंतर सगळं बदललं. लोक लांबलचक वाचेनासे झाले, लिहिणारे गळाले, जे उरले ते ग्रुपमध्ये शुभ सकाळ पाठवू लागले. नलूताई आपलं पान या साइटवरून त्या साइटवर हलवत राहिली, पण रविवार तिने बदलला नाही. ज्यांनी लिहिणं सोडलं, त्यांची नावंही कडेवरून काढली नाहीत. मी एकदा म्हटलं, “अगं ताई, मेलेले ब्लॉग आहेत हे.” तर म्हणाली, “एक्स्टेंशन चालू असतं रे. माणूस जागेवर नसतो एवढंच.”

वर्षातून एकदा ती आम्हाला मनोरीला न्यायची. मार्वेहून बोटीने पलीकडे, तिथे एका ओळखीच्या घराच्या ओसरीवर सुरमई, सोलकढी आणि वाचन. अट एकच, स्वतःचं वाचायचं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचं वाचायचं. प्रज्ञाला मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. ती घाटकोपरची, आईवडील जालन्याकडून आलेले, स्वतः बँकेत नोकरीला. आईच्या जात्याबद्दल, वस्तीतल्या बुद्धविहाराबद्दल लिहायची. त्या वर्षी तिच्या एका लेखाखाली काही लोकांनी इतकं घाण लिहिलं होतं की ती ब्लॉग बंद करायला निघाली होती. ओसरीवर नलूताईने नेमका तोच लेख काढला. टेलिफोनवाला तो स्वच्छ, सावकाश आवाज... वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रज्ञा मान खाली घालून बसली होती. ती म्हणाली, “ताई, माझंच आहे हे, असं वाटलंच नाही.” नलूताई म्हणाली, “तुझंच आहे गो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतंस, इतकंच.” परतीच्या बोटीत प्रज्ञा पुढच्या लेखाबद्दल बोलत होती आणि मी सुरमईबद्दल. नलूताई आम्हा दोघांचंही ऐकत होती.

एका बाबतीत मात्र मी तिला दाद दिली नाही. मुलुंडची आमची स्वतःची इमारत पुनर्विकासाला गेली. सह्या झाल्या, घरं रिकामी करायची तारीख ठरली. नलूताई मागे लागली, “इतकी वर्षं लोकांच्या बिल्डिंगी लिहिल्यास, आता तुझी लिही.” मी आज-उद्या करत राहिलो. खरं सांगायचं तर मला जमतच नव्हतं. दुसऱ्याच्या इमारतीत मला कठडे दिसायचे, पायऱ्यांची झीज दिसायची. आमच्या जिन्याकडे बघितलं की मधल्या वळणावर मटार सोलत बसलेली आई दिसायची, आणि मग पुढचं काही सुचायचं नाही. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या हिशेबी ती त्याच वळणावर होती. लिहिलं की इमारत पडेल, असलं काहीतरी खुळचट माझ्या डोक्यात बसलं होतं.

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो ती आमची शेवटची भेट. नाकात नळी, बोलताना धाप लागत होती. मला बघताच तिने हातानेच लिहिल्याची खूण केली. मी ‘नाही’ अशी मान हलवली. नळी बाजूला सारून म्हणाली, “मेल्या, लिवतलंस कधी? मी गेल्यार?” नर्सबाई ओरडल्या, नळी पुन्हा जागेवर गेली. मी हसत म्हटलं, “तू घरी ये, मग लिहितो.” तिने नुसते डोळे मिटले. दमली असेल असं मला वाटलं.

ती गेल्यावरही रविवार येत राहिले. दुसऱ्या रविवारी प्रज्ञाचं वाक्य आलं, जात्याचं. त्याच्या पुढच्या रविवारी बोरिवलीच्या एका निवृत्त मास्तरांचं. त्यांनी कधीच लिहिणं सोडून दिलं होतं. प्रज्ञाने फोन करून सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे रडले म्हणे. आम्ही दहा वाजायच्या आधीच फोन हातात घेऊन बसायचो. आजचा रविवार तरी भरलेला असू दे, एवढंच मनात असायचं. भरलेला शेवटचा रविवार आला तेव्हा तो शेवटचा आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिच्या पानावर आलं ते असं :

‘सुधीर सावंत. त्याच्या स्वतःच्या इमारतीवरचा लेख. वाक्य नंतर टाकते.’

लिंक नव्हती. असणार कुठून? लेखच नव्हता. लोकांनी खाली विचारायला सुरुवात केली, ‘लिंक दिसत नाहीये’, ‘सुधीरदादा, कुठे आहे लेख?’ मी फोन उलटा ठेवला. मला तिचा राग आला, अगदी पापडांच्या वेळी आला होता तसाच. माणूस मेल्यावर असं कोंडीत पकडतं का? आणि मग मी खूप रडलो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि शेजारी बसली.

सामानाची बांधाबांध झाली होती. इमारतीतली अर्धी बिऱ्हाडं गेली होती. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी कामावरून आलो की वर न जाता जिन्याच्या त्या वळणावर बसायचो आणि फोनवरच लिहायचो. येणारे-जाणारे वळसा घालून जायचे. शहर, विस्मरण असलं काही लिहिलं नाही. जे दिसलं तेवढंच लिहिलं. लेख ब्लॉगवर टाकला आणि त्याची लिंक नलूताईच्या त्या मजकुराखाली नेऊन ठेवली. मग आम्ही घर सोडलं. आता तिथे पाडकामासाठी भोवती पत्रे लागलेत.

रविवार आता आम्ही आळीपाळीने चालवतो. दुसऱ्याचंच लिखाण, एकच वाक्य, दहा वाजता. मंदारने आईचं पान बंद केलेलं नाही. परवा प्रज्ञाचा फोन आला. म्हणाली, “सुधीर, तुझा तो लेख मी दोनदा वाचला. ताईची ती जागा अजून मोकळीच आहे. मी उचलू का वाक्य?”

प्रज्ञाची निवड चांगली असते. कदाचित नलूताईनेही तेच वाक्य घेतलं असतं. पण मी म्हटलं, “दुसरा कुठलाही लेख घे. तो राहू दे.”

“अरे, पण का?”

“ताई टाकते म्हणालीय ना.”