आणखी स्थळं येत आहेत

पुण्याची नोकरी गावी, माकणीत घरी बसून करायची परवानगी निकिताला मिळाली, तेव्हा सगळ्यात जास्त खूश झाला तो तिचा थोरला भाऊ रणधीर. वडील गेलेले, आई कडूबाईचे गुडघे धरलेले. घरात ती आणि रणधीर दोघंच. त्यानं माडीवरची खोली झाडून घेतली, टेबल आणलं, लोहाऱ्याहून इन्व्हर्टर आणून बसवला. "तुझं काम बंद पडाय नगं," म्हणाला.

निकिताची कंपनी लग्न जुळवायचं ॲप चालवायची. रणधीरचं नाव त्यात तिनंच घातलं होतं. वय छत्तीस, शिक्षण बारावी, धरणाच्या पाण्यावरची ऊसशेती. फोटो मुरुम गावच्या स्टुडिओतला. तेव्हा ॲपमध्ये पानं असायची. एका पानावर दहा मुली आणि खाली 'पुढचं पान'. दुपारी जेवण झालं की रणधीर बाजेवर पडून पानं उलटायचा. एखाद्या मुलीला 'पसंती' पाठवायचा. शेवटचं पान आलं की मोबाईल उशाशी ठेवून शेताकडं निघायचा. नकार येत गेले. बहुतेकींनी कारण एकच लिहिलेलं, नोकरीवाला हवा.

दिवाळीनंतर कंपनीनं पानं काढून टाकायचं ठरवलं. बोट फिरवत राहावं आणि मुली येत राहाव्यात, अशी सलग यादी हवी होती. काम निकिताकडं आलं आणि तिला ते आवडलं. बोट तळाशी पोचायच्या आधीच पुढची स्थळं मागवून ठेवायची, वर सरकून गेलेली सोडून द्यायची, नाहीतर स्वस्तातला फोन अडकतो. रणधीरच्या जुन्या फोनवरच तिनं ते चालवून पाहिलं. कुठं धक्का नाही, थांबणं नाही.

"कसलं सुळसुळीत चालतंय गं," रणधीर म्हणाला.

मग तिचे साहेब अनिरुद्ध यांचा फोन आला. "यादी संपल्यावर काय दाखवतेस?"

"'एवढीच स्थळं आहेत' असं येतं, सर."

"ते काढ. लोक तिथंच ॲप बंद करतात. 'आणखी स्थळं येत आहेत' असं लिही आणि जुनीच परत दाखव, क्रम बदलून."

"नकार दिलेल्या मुलीसुद्धा?"

"त्यासुद्धा. माणसाचं मन बदलतं, निकिता."

तिनं थोडा वाद घालून बघितला. मग तिनं ते केलं. फार काम नव्हतंच.

नवीन ॲप आलं आणि काही दिवसांनी रणधीरनं जिन्याखालून हाक मारली, "निकिते, लई नव्या आल्यात गं!" ती खाली आली. आईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. निकितानं पडद्याकडं बघितलं. सगळ्या मागच्या वर्षीच्याच. ती "व्हय का" एवढंच म्हणाली. रणधीरनं केसांना कलप लावला, नवा फोटो काढून आणला. शेतात जायला त्याला उशीर व्हायला लागला. बाजेवर पडल्या पडल्या अंगठा फिरत राहायचा.

एके दिवशी जेवताना त्याचा फोन वाजला. उमरग्याकडचे कुणी मुलीचे वडील होते. त्यांचा आवाज ताटापाशी बसलेल्या निकितालाही ऐकू येत होता.

"अहो, किती वेळा न्हाय म्हणायचं तुम्हाला? शेतकऱ्याला पोरगी द्यायची न्हाय आम्हाला. का मागं लागलाव?"

"चुकलं मामा," रणधीर म्हणाला. "पुन्हा न्हाय व्हायचं."

आई उठून आत गेली. निकितानं हातातला घास ताटात ठेवला. "दादा, त्या नव्या नव्हत्या. त्याच फिरून येत्यात. तसं मीच केलंय."

रणधीर भाकरी मोडत होता. "मला वळखू येत होत्या की. नावं पाठ झाल्यात आता."

"मग पसंती कशाला पाठवलीस?"

"खाली लिहून येतंय न्हवं, आणखी येत आहेत म्हणून. वाटलं, येत असतील." त्यानं ताट बाजूला सारलं. "तू करशील का गं शेतकऱ्याशी?"

त्यानं उत्तराची वाट बघितली नाही. हात धुतला आणि चप्पल घालून निघून गेला.

त्या दुपारी तिनं 'एवढीच स्थळं आहेत' ही ओळ परत घातली, कुणाला न विचारता. आठवड्यात ते कंपनीच्या लक्षात आलं आणि ओळ निघाली. अनिरुद्ध रागावलेसुद्धा नाहीत. "मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाले आणि तिला दुसरं काम दिलं. नोकरी सोडायचं तिच्या डोक्यात बरेच दिवस होतं. पण माकणीत बसून दुसरी कोण देणार? आईला सोडून पुण्याला जाणं होणार नव्हतं. ती तिथंच राहिली.

रणधीर म्हणाला, "माझं नाव काढून टाक." आईनं काढू दिलं नाही. "नाव आसलं तर कुणीतरी बघंल तरी," म्हणाली. त्यानं साधा बटणांचा फोन घेतला. जुना आईकडं राहिला.

आता कडूबाई दुपारची ओट्यावर बसून यादी बघते. तिला वाचता येत नाही, तोंडं दिसतात. निकिता चहाला खाली आली की फोन पुढं करते. परवा असाच केला.

"ही कुणाची गं? नाकीडोळी बरी हाय."

"तिचं लगीन झालंय, आई. नाव काढायचं राहिलंय."

"आसू दे," कडूबाई म्हणाली आणि अंगठा वर सरकवला. शेतातून आलेला रणधीर हौदावर पाय धूत होता. त्यानं मान वर केली नाही.